बाबांना रोज सकाळी चालायला चार्ल्स नदीचा कोणता काठ बरा? (बॉस्टन-केंब्रिज)

सांगलीची_मुलगी

नमस्कार मंडळी,

आई-बाबा २ जुलैला येताहेत. पहिल्यांदाच. सहा महिने राहा म्हणून हट्ट धरला होता, पण बाबा तीनच्या वर जायला तयार नाहीत. कारण विचारलं तर एकच उत्तर, "तिथं सकाळी चालायला कुठं जाऊ?"

बाबा एकाहत्तर वर्षांचे. निवृत्त झाल्यापासून रोज पहाटे घरातून निघतात, आयर्विन पूल ओलांडून सांगलीवाडीला जातात, तिथे ठरलेल्या टपरीवर चहा घेतात आणि परत येतात. पाचेक किलोमीटर होतं. २०१९ च्या पुरात आम्ही मामाकडे मिरजेला होतो, तेवढेच दिवस खंड पडला. आई सदुसष्टची. डावा गुडघा दुखतो, जिना चढताना कठडा लागतोच.

आम्ही केंडल स्क्वेअरला राहतो, नदी सात-आठ मिनिटांवर. काठाने पक्की वाट आहे, एका बाजूने वॉटरटाऊनपर्यंत जाऊन दुसऱ्या बाजूने परत आलं तर सतरा-अठरा मैल होतात, एवढं मला माहीत आहे. माझा बेत असा की तिचे चार तुकडे पाडायचे आणि चार रविवारी एकेक दाखवायचा. बाबांना भाड्याची सायकल, आई माझ्याबरोबर चालत.

विचारायचं ते हे: सायकल द्यावी का? बाक, सावली, संडास यांची सोय कुठे बरी आहे? आणि मी साडेआठला कामाला जाते, तर बाबा एकटे जाऊ शकतील असा एखादा भाग आहे का?

वॉटरटाऊनचा_वाईकर

ताई, आम्ही कृष्णेच्या वरच्या अंगाचे, वाईचे. तुमचं वाचून राहवलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

चार रविवारांचा बेत प्रेमाने आखलाय, पण पहिल्या महिन्यात तरी तो करू नका. मी तेच केलं होतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये माझे वडील आले, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. तेव्हा चौऱ्याहत्तरचे होते. एका रविवारी हार्वर्डजवळचा काठ, पुढच्या रविवारी एस्प्लनेड (बॉस्टनच्या बाजूची काठावरची बाग), असं मी त्यांना गाडीत घालून न्यायचो. फोटो काढायचे, आइस्क्रीम खायचं, घरी. मग सोमवार ते शनिवार अण्णा खिडकीशी बसून. तिसऱ्या रविवारी बूट घालता घालता ते म्हणाले, "तू मला नदी दाखवायला नेतोस. मला नदीवर जायचंय."

वाईत ते रोज सकाळी गणपती घाटावर जायचे. काही बघायला नाही. घाट तोच, पायरी तीच, बसणारी माणसं तीच. रोजचं जाणं हीच त्यातली गोष्ट होती आणि मी नेमकं तेच त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. त्या दिवशी मी त्यांना एकच तुकडा देऊन टाकला: आमच्या दारापासून वॉटरटाऊनच्या बांधापर्यंत आणि परत. किल्ली त्यांच्या खिशात. पुढचे साडेपाच महिने तो त्यांचा होता.

तुमच्या बाबांसाठीही एकच तुकडा निवडा, आणि तुम्ही राहता तिथे तो आयताच आहे. केंडलवरून नदीवर उतरा, एमआयटीच्या घुमटासमोरून पाणी डाव्या हाताला ठेवून हार्वर्ड ब्रिजपर्यंत जा. (नाव हार्वर्ड, पण पूल एमआयटीच्या दारात आहे, यात सगळेच फसतात.) पूल ओलांडा. बॉस्टनच्या बाजूला पुलावरून खाली काठावर यायला उतार आहे, तिथून एस्प्लनेडच्या झाडीतून पुढे लाँगफेलो ब्रिज, आणि त्या पुलावरून परत केंडल. दोन पूल, दोन काठ, साधारण पाच किलोमीटर. रोजच्याइतकंच. नदी सतत डाव्या हाताला राहते, त्यामुळे वाट चुकायला जागाच नाही. सकाळी सहाला निघाले तर जाताना ऊन पाठीवर, येताना समोरून पण झाडांतून. उघडे राहतात ते फक्त दोन पूल.

आईंना घरी ठेवू नका. केंडलहून रेड लाइन मेट्रोने एकच स्टेशन, चार्ल्स/एमजीएच. गाडी लाँगफेलो पुलावरून जाते, तेवढ्या दोन मिनिटांत सगळी नदी दिसते. स्टेशनला लिफ्ट आहे. तिथून रस्त्यावरून जाणारा नवा पादचारी पूल आहे, २०१८ चा, फॅनी ॲपलटनच्या नावाचा. कवी लाँगफेलोंची ती पत्नी, म्हणून शेजारी शेजारी दोन पूल. त्याला पायऱ्यांऐवजी लांब, सौम्य उतार आहे, माझी आई काठी न घेता गेली. खाली उतरलं की पाण्याकडे तोंड करून बाक आहेत. आईंनी तिथे बसायचं, बाबा पलीकडून चालत येऊन तिथेच भेटतील.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. विमानतळावरून घरी येतानाच बाबांना सांगा.

इथे सायकलवाले मागून येताना "ऑन युअर लेफ्ट!" असं ओरडतात. म्हणजे, मी तुमच्या डावीकडून पुढे जातोय, तुम्ही आहात तिथेच राहा. आपल्या माणसाला त्यातलं फक्त "लेफ्ट" ऐकू येतं, आणि जन्मभर डावीकडून चाललेला माणूस आज्ञाधारकपणे डावीकडे सरकतो. थेट सायकलच्या पुढ्यात. अण्णांचा पाचवा की सहावा दिवस होता. मी चार पावलं मागे होतो. आवाज आला, अण्णा डावीकडे सरकले, सायकलची मूठ त्यांच्या कोपराला लागली आणि तो मुलगा गवतावर आडवा. गुडघा सोलवटला त्याचा. तो उठून अण्णांची क्षमा मागतोय आणि अण्णा आपल्या रुमालाने त्याच्या गुडघ्यावरची माती पुसताहेत, मराठीतून "लागलं का रे फार" विचारताहेत. कोणी कुणावर चिडलं नाही. पण अण्णा पाण्याच्या बाजूला पडले असते तर काय, या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

त्यावरचा उपाय अण्णांनीच काढला. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. दुसऱ्या दिवशी निघताना तोच रुमाल धुऊन उजव्या मनगटाला बांधला. आवाज आला की बाकी काही आठवायचं नाही, रुमालाकडे सरकायचं. महिन्याभरात रुमालाची गरज उरली नाही, पण त्यांनी तो बांधायचं सोडलं नाही. आवाज आला की रुमालाचा हात वर करायचे. बरेच सायकलवाले "थँक यू सर" म्हणून जायचे, ते त्यांना आवडायचं.

तुमचे बाबा आणखी एक विचारतील, कारण अण्णांनी विचारलं होतं: "ही वाहते कुठं?" कृष्णाकाठच्या माणसाला हे पाणी उभं वाटतं, आणि त्याचं बरोबरच आहे. पूर्वी इथे समुद्राची भरती-ओहोटी यायची, ओहोटीला चिखल उघडा पडून घाण सुटायची. १९१० मध्ये मुखाशी बांध घालून भरती अडवली आणि मागे हा संथ, गोड्या पाण्याचा डोह तयार झाला. आज म्युझियम ऑफ सायन्स उभं आहे ते त्याच जुन्या बांधावर. हाताशी खडू नव्हता म्हणून मी काडीने मातीत रेघ ओढून हे अण्णांना सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचं नदीशी जमलं.

पाण्यात मात्र हात-पाय धुवायला उतरू देऊ नका. १९९५ मध्ये सरकारच्या पर्यावरण खात्याने या नदीला 'डी' श्रेणी दिली होती. पुढे खूप काम झालं, नदी पुष्कळ सुधारली, तरी उन्हाळ्यात निळं-हिरवं शेवाळ धरतं आणि तसे फलक लागतात. गवतावर बसताना चादर न्या, कॅनडा गीज (बदकांसारखे मोठे पक्षी) सगळीकडे घाण करून ठेवतात.

वाटेवर डॉ. पॉल डडली व्हाइट हे नाव दिसेल. सायकलवाट त्यांच्या नावाची आहे. हृदयविकाराचे मोठे डॉक्टर. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला तेव्हा उपचार करणाऱ्यांपैकी एक. हृदयरोग्याला आठवडेच्या आठवडे गादीवर निजवून ठेवायच्या त्या काळात हे सांगायचे की माणसाने चाललं पाहिजे, सायकल चालवली पाहिजे. अण्णांची तोवर एक अँजिओप्लास्टी झाली होती. ते नाव आलं की अण्णा क्षणभर थांबायचे.

मासे मात्र तुमचे हुकले. एप्रिल-मेमध्ये समुद्रातून हेरिंग अंडी घालायला वर चढून येतात, आपल्या पाल्याच्या कुळातलेच. आमच्या बांधाला माशांना चढायला पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे. धोमसारखं धरण डोळ्यांपुढे आणू नका, बुटका बांध आहे. खाली दगडांवर रातबगळे मान आखडून उभे. अण्णा तासतास बघत. एका सकाळी त्यांनी मला कामावर जाताना हात धरून थांबवलं आणि एक मासा दाखवला. धारेत शेपटी थरथरतेय, पण जागचा हलत नाही, मागे पडत नाही. दोघे बघत राहिलो. मग तो एकदम वर गेला. मला कामाला उशीर झाला, पण ती सकाळ आजही लख्ख आठवते. अण्णा २०२१ मध्ये गेले.

एखाद्या रविवारी जोडीने वॉटरटाऊनला या. इथे काठावर दृष्टिहीनांसाठी वाट केली आहे, तारेला हात लावून चालत जायचं. हेलन केलर शिकल्या ती पर्किन्स संस्था जवळच आहे. चहा आमच्याकडे.

रोज_सायकलवर

वाईकरांशी शंभर टक्के सहमत. "ऑन युअर लेफ्ट" ओरडणाऱ्यांपैकी मी एक. ऑलस्टनहून केंडलला रोज याच वाटेने जाते. आता समोर आजी-आजोबा दिसले की घंटी वाजवते, वेग कमी करते आणि "नमस्कार" म्हणते. आपले असतील तर लगेच वळून बघतात.

सायकलचं म्हणाल तर ताई, सुरुवातीला नको. भाड्याच्या ब्लूबाइक्स दणकट असतात, तितक्याच जड. त्यात इथे डाव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो. आपल्याकडच्या जुन्या सायकलींना तो उजव्या हाताला. घाईत भलताच ब्रेक दाबला जातो. मी स्वतः पहिल्या वर्षी बीयू ब्रिजजवळ अशीच हँडलवरून पुढे गेले होते. तिथे वाट आधीच अरुंद आहे. वर्दळीच्या वेळी चालणाऱ्यांनीही तो भाग टाळावा. काही ठिकाणी झाडांच्या मुळांनी डांबर उचललंय, अंधारात ठेच लागते. केंब्रिजच्या बाजूने वर हार्वर्डकडे गेलात तर वेस्टर्न अव्हेन्यू आणि रिव्हर स्ट्रीटला मोठे रस्ते ओलांडावे लागतात. सिग्नल सुटायला वेळ लागतो, तरी थांबायचं.

पण बाबांना सायकलची फारच हौस असेल तर रविवारी न्या. एप्रिलअखेर ते नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी अकरा ते सात मेमोरियल ड्राइव्हचा हार्वर्डजवळचा भाग गाड्यांना बंद असतो. सगळा रस्ता मोकळा, वर लंडन प्लेनच्या जुन्या झाडांची सावली. (चिनारचीच जात, पानं बघा.) लहान पोरं तिथेच सायकल शिकतात. तासभर तिथे चालवली की ब्रेकचा हात बसेल.

आणि हार्वर्ड ब्रिजवर चालताना पायाखाली बघायला सांगा. दर थोड्या अंतरावर रंगाने आकडे लिहिलेत: १०, २०, ३०... ते स्मूट. १९५८ मध्ये एमआयटीच्या पोरांनी ऑलिव्हर स्मूट नावाच्या मित्राला आडवा निजवून, उठवून, परत निजवून अख्खा पूल मोजला. उंची पाच फूट सात इंच. पूल भरला ३६४.४ स्मूट आणि एक कान. तेव्हापासून आकडे पुन्हा पुन्हा रंगवले जातात. हेच स्मूट पुढे मोजमापांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, आयएसओचे, अध्यक्ष झाले.

नाशिकच्या_आजी

बाळा, मी येणाऱ्यांच्या बाजूने सांगते. मुलगा समरव्हिलला असतो, ही माझी पाचवी खेप.

पहिल्या खेपेला मी घराबाहेर पडायला घाबरायची ते वाट चुकण्यामुळे नव्हे. चुकलं तर विचारायचं कसं, यामुळे. तेव्हा बाबांच्या खिशात चिठ्ठी असू दे, पत्ता आणि तुझा नंबर, इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. फोन बंद पडतो, चिठ्ठी पडत नाही. पहिले आठ दिवस बरोबर जा. नंतर दोन दिवस शंभर पावलं मागे राहा, त्यांना न सांगता. मग सोड.

संडासाचं लोक लिहीत नाहीत, आणि आमच्या वयाला पहिला प्रश्न तोच. घरून जाऊन निघायचं. एस्प्लनेडवर उन्हाळ्यात तात्पुरते डबे ठेवतात, त्यात कागद असेलच असं नाही, पिशवीत ठेवावा. केंब्रिजसाइड मॉल नदीपासून पाच मिनिटांवर आहे, आत स्वच्छ सोय, पण तो पहाटे उघडा नसतो. चहाची टपरी वाटेत नाही, हे बाबांना आधीच सांग, म्हणजे वाईट वाटणार नाही. लहान थर्मास दे.

जुलैत उजाडतं सव्वापाचच्या सुमाराला. नऊनंतर ऊन चटकतं आणि हवा दमट, आपल्या मुंबईसारखी. पाणी हवंच. आणि ४ तारखेला एस्प्लनेडकडे फिरकू नका. रात्री दारूकाम असतं, त्यासाठी सकाळपासून गर्दी, पिशव्यांची तपासणी. येऊन दोनच दिवस झालेल्या माणसांना ते झेपायचं नाही. तुमच्याच बाजूच्या काठाने संध्याकाळी सावकाश जाऊन लांबून बघा.

आईला सांग, लाँगफेलो पुलाजवळ पोरांना शिडाच्या होड्या शिकवतात, १९४६ पासूनची संस्था आहे. दहा-दहा वर्षांच्या पोरी एकट्या शीड ओढून पाण्यात जातात. मी सकाळी विणकाम घेऊन तिथे बसते. एका पोरीचं शीड रोज उलटं फडफडायचं, तिसऱ्या आठवड्यात तिने वारा धरला, तेव्हा काठावर मी एकटीच टाळ्या वाजवत उभी होते. समोरच्या बाकावर कुणी मराठी बाई दिसली तर बोलायला लाव. मीच असेन.

सांगलीची_मुलगी

काय लिहू, डोळे भरून आले. चार रविवार रद्द. दोन पुलांचं ठरलं. आजी, आई विणकाम करत नाही, पण शेंगदाणे सोलत बसेल. वाईकरकाका, अण्णांबद्दल वाचून वाईट वाटलं. रुमाल नक्की.

सांगलीची_मुलगी (१९ जुलै)

धागा वर आणते, सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बाबा दहाव्या दिवसापासून एकटे जातात. सहाला बाहेर, सव्वासातला आईला बाकावर भेटतात, थर्मासमधला चहा पितात, मग दोघे रेड लाइनने एक स्टेशन. पहिल्या दिवशी आई गाडीतून उतरायलाच विसरली, बाहेर नदी बघत पार्क स्ट्रीटपर्यंत गेली आणि आपली आपण परत आली. आता सगळ्यांना तेच सांगते.

रुमाल उजव्या मनगटाला. "ऑन युअर लेफ्ट" ऐकलं की बाबा जागचे हलत नाहीत, फक्त हात वर. परवा मी बरोबर होते, तर मागून आवाज आला, "नमस्कार!" रोज_सायकलवर, तुम्हीच होतात ना? निळं हेल्मेट? वळेपर्यंत लांब गेलात.

"ही वाहते कुठं?" हे बाबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं. मी काडीने रेघ ओढली.

आणि स्मूट. बाबांनी हिशेब केला, एक स्मूट म्हणजे एकशे सत्तर सेंटिमीटर, पूल भरतो सहाशे वीस मीटर. रोज संध्याकाळी (तिकडची पहाट) सांगलीवाडीच्या टपरीवर फोन असतो, स्पीकरवर. काल तिकडून त्यांचे मित्र विचारत होते, आपला आयर्विन किती स्मूट भरेल? त्या मित्रांची उंचीही पाच फूट सात इंच आहे. रविवारी पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, दोरी त्यांच्या उंचीची कापून चौघे मोजायला जाणार आहेत. सांगलीतलं कुणी इथे असेल आणि त्या वेळी पुलावर असेल, तर दोरीचं एक टोक धरायला जाल का?